गावातला जॉबर

"साठ तागे तयार ठेवा, सकाळी टेम्पो येतोय," असं व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं आणि दत्तूअण्णांनी आठ तागे बांधून दाराशी लावले. सकाळी टेम्पोवाल्यानं तो ढीग बघितला आणि व्यापाऱ्याला फोन लावला. पुढची पाच मिनिटं व्यापारी जे बोलला, ते मात्र अण्णांना शब्दन् शब्द ऐकू आलं. रिकाम्या फेरीचं भाडं त्यांच्या बिलातून कापलं गेलं.

अण्णा इचलकरंजीतले खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, माग आपले, मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गाव खडखडाटातच वाढलं. अण्णांचीही चाळीसेक वर्षं स्वतःच्या सहा मागांच्या शेडमध्ये गेली. तिथं कुणी बोलत नाही, ओरडतात. ओरडून भागलं नाही तर ओठ बघायचे, हातानं खुणा करायच्या. त्यामुळं अण्णांना कमी ऐकू येतंय हे शेडमध्ये कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

ध्यानात आलं ते घरात. टीव्हीचा आवाज शेजारच्यांना पाठ झाला होता. पत्नी शालनकाकी स्वयंपाकघरातून काही बोलल्या, की अण्णांचं एकच पालुपद, "तू अलीकडं तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस." काकी एकदा वैतागून म्हणाल्या, "मी पुटपुटते, सुनील पुटपुटतो, बातम्यांवाला पुटपुटतो. सगळ्या गावाची जीभ एकदम बारीक झाली का हो?" नात तनू पुण्याहून व्हिडिओ कॉल करायची. आधी ती शाळेतलं सगळं अण्णांना सांगायची. मग प्रत्येक वाक्याला "काय? काय?" यायला लागलं, तशी ती "बरे आहात ना? आजीला द्या" एवढ्यावर आली. अण्णांना वाटलं, पोरगी मोठी झाली.

साठाचे आठ झाले ही गोष्ट पुण्याला मुलाच्या, सुनीलच्या कानावर गेली. त्यानं त्याच रात्री मोबाइलवरच्या जाहिरातीतून एक यंत्र मागवलं. चार दिवसांत घरपोच आलं. कानात घातलं आणि अण्णा दचकलेच. भांडं आपटलं की डोक्यात घण बसायचा, पंखा वादळासारखा घोंगावायचा, आणि माणसाचं बोलणं त्या गोंगाटात आणखी खाली बुडायचं. मध्येच शिट्टी वाजायची ती वेगळीच. अण्णांनी ते कपाटाच्या खणात टाकलं.

दिवाळीत सुनील त्यांना पुण्याच्या एका मोठ्या दालनात घेऊन गेला. गुळगुळीत फरशी, थंडगार खोली, नीट तपासणी. पाऊण लाखाचं यंत्र बसवून अण्णा गावी परतले. काही दिवस बरं चाललं. मग यंत्र उजव्या कानात टोचायला लागलं. लग्नाच्या पंगतीत बसले की सगळ्यांचा एकच कालवा व्हायचा. पुण्याला फोन केला तर तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, "एकदा येऊन जा, सेटिंग बदलून देतो." तो खोटं बोलत नव्हता. यंत्र कानाला जुळवायला दोन-चार फेऱ्या लागतातच. पण पुण्याला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस, माग बंद, आणि सुनीलची रजा. बरं, जाईपर्यंत नेमकी तक्रार काय होती तेही आठवायचं नाही. पाऊण लाखाचं यंत्र आधीच्या यंत्राच्या शेजारी जाऊन बसलं. "पैशे घालून बघितले की," अण्णा म्हणायचे, "आपल्या कानाला औषधच न्हाई."

पावसाळ्याच्या तोंडाला चार नंबरचा माग बिघडला. धोटा उडायला लागला. अण्णांनी रजाकभाईंना बोलावलं. रजाकभाई माग दुरुस्त करणारे जुने जॉबर, दोन गल्ल्या पलीकडं राहणारे. आले, चालत्या मागाच्या फ्रेमवर तळवा ठेवून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "टायमिंग सुटलंय." पान्यानं दोन ठिकाणी पिळलं, माग चालू केला, पुन्हा तळवा ठेवला, पुन्हा थोडं पिळलं. मग म्हणाले, "आज चालू द्या. उद्या परत बघतो. बिघाड एका दिवसात सगळा दिसत न्हाई."

काकी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "रजाकभाई, हे माग तर बाहेरगावनं आलेले. मग बिघडले की तिकडं का पाठवत न्हाई?"

रजाकभाई हसले. "वहिनी, माग कुठनंबी येऊ दे. जॉबर गावातलाच लागतो."

काकी कपबशा घेऊन घरात गेल्या आणि थेट कपाटाच्या खणाशी. संध्याकाळी अण्णा जेवायला बसले, तर ताटाच्या शेजारी दोन्ही यंत्रं ठेवलेली. काकी समोर बसल्या आणि ओठ दिसतील अशा बोलल्या, "माग घ्यायला तुम्ही मुंबईला जाल, सुरतेला जाल. पण त्याची निगा राखायला रजाकभाई लागतात. कानाचं यंत्र आणलंत, कानाचा जॉबर कुठाय?"

अण्णा घास हातात धरून बसून राहिले. उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकी त्यांना गावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी आधी उजव्या कानातला मळ काढला. "काडी घालता का?" म्हणून विचारलं, आणि अण्णांनी मान खाली घातली. पडदे शाबूत होते, कान वाहत नव्हता, चक्कर नव्हती. डॉक्टर म्हणाले, "माझं काम इथवर. ऐकणं किती आणि कुठं कमी झालंय याचं माप काढणं, यंत्र जुळवणं, हे ऑडिओलॉजिस्टचं काम."

"आम्हाला कसं कळायचं, खरा कोण आणि नुसता विकणारा कोण?" काकींनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न आवडला असावा. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, "शिक्षण विचारा. बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासताही येतो. तपासणीची खोली आवाजबंद आहे का ते बघा. यंत्र घेण्याआधी काही दिवस वापरून बघायला देतात का, आणि घेतल्यावर पुन्हा जुळवायला कितीदा येता येईल, हे आधीच ठरवा. आणि जो तपासायच्या आधी किंमत सांगेल, त्याच्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नका." काकींनी सगळं डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

पहिल्या ठिकाणी मोफत तपासणीचा फलक होता. हॉलमध्ये दोन पंखे, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या कानावर दोन-दोन मिनिटं हेडफोन. अण्णांचा नंबर यायच्या आत एका तरुणानं तीन रंगांची पत्रकं हातात दिली: स्वस्त, मध्यम, भारी. काकींनी विचारलं, "तुमचा नोंदणी क्रमांक?" तो म्हणाला, "आमची कंपनी परदेशी आहे." काकींनी पत्रकं घडी करून परत दिली.

दुसरं ठिकाण बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्यावर होतं. खोली लहान. भिंतीवर पदवी आणि नोंदणीचं प्रमाणपत्र. आत आणखी एक खोली, जाड दुहेरी दाराची, भिंतींना फोम लावलेली. ऑडिओलॉजिस्ट मुलगी तिशीचीही नसेल. काकींनी डायरी उघडून एकेक प्रश्न विचारला. मुलीनं न रागावता उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाली, "काकी, सगळ्यांनी असं विचारलं तर माझं काम सोपं होईल."

तिनं यंत्राचं नावही काढलं नाही. आधी अण्णांना विचारलं, आयुष्य कुठं गेलं? घरात कुणाशी बोलताना अडतं? फोनवर की समोर? मग आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. बारीकसा 'पिप' ऐकू आला की दाबायचं. जाड घोगऱ्या आवाजापासून, म्हणजे 250 हर्ट्झपासून, थेट 8000 हर्ट्झच्या किणकिणत्या सुरापर्यंत. नंतर कानामागच्या हाडावर एक लहानसं कंपन देणारं उपकरण टेकवून तेच पुन्हा. शेवटी ती शब्द बोलायची आणि अण्णांनी ते म्हणून दाखवायचे. सुरांच्या वेळी अण्णा खुशीत होते. शब्दांच्या वेळी कपाळाला आठ्या पडल्या.

मुलीनं कागद समोर ठेवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डावीकडं दोन्ही रेघा वरच चालल्या होत्या, आणि उजवीकडं 4000 हर्ट्झच्या आसपास कडा तुटल्यासारख्या खाली गेल्या होत्या.

"अण्णा, तुम्हाला आवाज ऐकू येतो. पण शब्द कळत नाहीत. बरोबर?"

अण्णांनी काकींकडं बघितलं. इतकी वर्षं हेच त्यांना सांगता येत नव्हतं.

"आपल्या बोलण्यातले स्वर जाड असतात, ते तुम्हाला पोचतात. पण स, श, फ, थ अशी व्यंजनं बारीक, उंच सुरांची. ती गळतात. त्यात साध्या फोन कॉलमध्ये 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज बहुधा कापलेलाच असतो. मग 'साठ'मधला 'स' कुठून येणार?"

"म्हणजे आठच उरतात," काकी म्हणाल्या.

कशानं झालं, तेही तिनं सांगितलं. आतल्या कानात शंखाच्या आकाराचा कॉक्लिया असतो. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी आवाजाचे संदेश मेंदूकडं धाडतात. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज पडत राहिला, की त्या हळूहळू मरतात. आवाज 3 डेसिबलनं वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वदीच्या पुढं असतो. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. "वयाचाही वाटा आहे. पण ही 4000 ची खाच बहुतेक मागानं पाडलेली."

मग तिनं ती दोन यंत्रं मागितली. जाहिरातीतलं बाजूला ठेवलं. "हे सगळेच आवाज सारखे मोठे करतं. तुम्हाला जाड आवाज आधीच ऐकू येतात. तेही वाढवले तर कान किटणारच." पुण्याचं यंत्र तिनं भिंगाखाली धरलं. आवाज बाहेर पडायच्या तोंडाशी मळ बसला होता, आणि रबरी टोपी कानाच्या मापापेक्षा मोठी होती. जाळी बदलली, टोपी बदलली, यंत्र संगणकाला जोडलं. "बरं झालं, या यंत्राला कुलूप नाही. काही यंत्रं ज्यांनी विकली त्यांनाच उघडता येतात. पुढं कधी घेताना हे जरूर विचारा." आजच्या तपासणीवरून तिनं ते नव्यानं जुळवलं आणि तेवढीच फी घेतली.

"नवीन न्हाई घ्यायचं?" अण्णा चकित झाले.

"हे चांगलं आहे. याला फक्त वरचेवर बघणारं कुणी नव्हतं."

तिनं वापरायचा रस्ताही घालून दिला. सुरुवातीला घरातच, शांत वेळी. रोज थोडा वेळ पेपर मोठ्यानं वाचायचा, म्हणजे आपलाच आवाज ओळखीचा होतो. मग दोन माणसांत, मग बाजारात, पंगतीत सगळ्यात शेवटी. झोपताना काढायचं, आंघोळीला काढायचं, पावसाळ्यात सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. "मेंदूला हे आवाज विसरून वर्षं झालीत. त्याला सवय व्हायला काही आठवडे द्या. आणि काय खटकतं ते त्याच दिवशी येऊन सांगा. जिना चढायचा, एवढंच."

अण्णा गेले. पहिल्यांदा तक्रार अशी, की पेपरचं पान उलटताना कानात कडकड होते. तिनं थोडं खाली आणलं. दुसऱ्यांदा काकींची बांगडी खटकली. तिसऱ्यांदा मारुतीच्या देवळातली आरती. प्रत्येक वेळी ती विचारायची, "काल नेमकं कुठं? कोण बोलत होतं? मागं पंखा होता का?" आणि अण्णांना सांगता यायचं, कारण गोष्ट कालची असायची. महिन्याभरानं ते तक्रार न घेता जिना चढले आणि म्हणाले, "आज नुसता सांगायला आलो. नातीनं फोनवर कविता म्हणून दाखवली, सगळी कळली."

सुनीलला हे पटायला वेळ लागला. "अण्णा, पुण्यात मोठमोठे तज्ज्ञ आहेत. गल्लीतल्या मुलीवर विश्वास?" अण्णा म्हणाले, "तिची नोंदणी तुझ्या आईनं तपासलीय. आणि मोठ्यांकडं कधी जायचं हेही तीच सांगती."

ते लवकरच दिसलं. अण्णांनी रजाकभाईंना बळंच तिच्याकडं नेलं. त्यांचं ऐकणं अण्णांहून वाईट निघालं. जॉबर इतकी वर्षं माग हातानं ऐकत होता, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पण त्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा फारच खाली होता, आणि त्यात सारखं गुणगुणायचंही. मुलीनं यंत्राचा विषय तिथंच थांबवला. "दोन्ही कानांत एवढा फरक असेल, तर आधी कारण शोधायला हवं." चिठ्ठी देऊन त्यांना तिनं कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवलं. जाताना हेही बजावलं, की एखाद्या दिवशी कान अचानक बंद झाला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण त्यावरच्या उपचाराला वेळेचं बंधन असतं. कोल्हापूरच्या तपासण्यांत घाबरण्यासारखं काही निघालं नाही. मग यंत्राची गोष्ट आली. रजाकभाईंचं वय पासष्टच्या पुढं आणि उत्पन्न बेताचं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा ज्येष्ठांना साधनांसाठी एकदा 3000 रुपये मिळतात, केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रं दिली जातात. कुठले कागद लागतील ते तिनं लिहून दिलं. बाकीच्या पैशांसाठी अण्णांनी वर्गणी काढली.

अण्णांच्या शेडमध्ये एक बावीस वर्षांचा विणकर होता. अण्णांनी त्याच्यासाठी आणि बाकीच्यांसाठी कानात घालायची फोमची बुचं आणली. पोरगा म्हणाला, "बूच घातल्यावर माग कसा ऐकू येणार? धागा तुटला तर?" मुलीनं शेडमध्ये येऊन त्याला बूच नीट पिळून, कान वर ओढून घालायला शिकवलं, आणि अर्धा तास माग चालवायला लावला. माग ऐकू येत होता, फक्त डोक्यात घुसत नव्हता. त्या दिवसापासून तो घालतो. बाकीच्यांपैकी दोघं घालतात, दोघं खिशात ठेवतात. अण्णा त्यांच्या मागं लागलेत.

आता गावातले खर्चीवाले अण्णांना विचारतात. वडिलांना ऐकू येत नाही, आईला यंत्र घ्यायचंय. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अण्णा, कंपनी कुठली? कितीला पडलं?"

अण्णा म्हणतात, "कंपनी मागनं विचार. आधी जवळचा माणूस शोध. शिकलेला आहे का बघ, नोंदलेला आहे का बघ, आणि तुझ्या बाला त्याच्याकडं तक्रार घेऊन चार वेळा जाता येईल का ते बघ. एवढं मिळालं तर यंत्र कुठलंबी चालंल. एवढं न्हाई मिळालं, तर लाखाचं आणलंस तरी खणातच पडून राहील."